आवाज आहे तोवर

भोंगा : थांबव, थांबव. त्या वळणाच्या पुढे, जिथून दीपस्तंभ दिसतो ना, तिथे.

घड्याळवाला : आत्ताच तर थांबलो होतो.

भोंगा : तिथून होड्या दिसत होत्या. इथून दीपस्तंभ दिसतो. बघायला काय जातं तुझं?

घड्याळवाला : माझं काय जाणार? दुकानाला कुलूप आहे. दुरुस्तीला आलेली घड्याळं काही रडत बसलेली नाहीत. पण भोंग्या, निघताना तू म्हणाला होतास, संध्याकाळी ताईच्या दारात असू. आता दुसरी रात्रही वाटेतच गेली.

भोंगा : किनाऱ्याचा रस्ता असाच करायचा असतो, लेका. आपलाच देश, आपलाच समुद्र, शेजारी दोस्त. किती वर्षं नुसतं म्हणत होतो आपण, जाऊ या एकदा, जाऊ या एकदा.

घड्याळवाला : तू टाळतोयस.

भोंगा : टाळतोयच. मग?

घड्याळवाला : सोमवारी तुला इस्पितळात भरती व्हायचंय. त्याआधी ताईला सगळं सांगून येतो म्हणालास, म्हणून मी गाडी काढली.

भोंगा : काय सांगू तिला? बंदरावर लिलाव पुकारणारे पुष्कळ झाले. पण मी माशाचा भाव बोललो की पार बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू जायचा. भोंगा नाव काय उगाच पडलं? आणि आता डॉक्टर म्हणतो, स्वरयंत्रच काढावं लागेल. मानेला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. मी विचारलं, एवढं सगळं करून बरा होईन ना? तर तो पेनाला टोपण लावत बसला. एवढा वेळ लागतो का टोपण लावायला?

घड्याळवाला : फार बोलू नकोस. घसा दुखेल.

भोंगा : राखून ठेवू? कुणासाठी?

घड्याळवाला : ताईला निदान दिसत असतं, तर पुढेमागे लिहून दाखवता आलं असतं.

भोंगा : तेच तर. साखरेने डोळे गेले तिचे. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला, स्वतःचं लग्न लांबवून. आता रोज संध्याकाळी मी फोन करतो, ती म्हणते, "बोल." मग मी बोलत सुटतो. बाजारात काय आलं, कोण कुणाशी भांडलं, कुणाची जाळी फाटली. भाचा सांगतो, उन्हं कलली की ती चाचपत चाचपत खुर्ची ओढते नि फोनशेजारी जाऊन बसते. तिच्यासाठी मी एवढाच उरलोय रे. हा आवाज. तो गेला की मी असलो काय नि नसलो काय.

घड्याळवाला : आवाज बसलाय हे तिच्या लक्षात आलं असेल.

भोंगा : सर्दी आहे म्हणून सांगितलंय.

घड्याळवाला : इतके महिने सर्दी?

भोंगा : बर्फात उभा असतो ना मी दिवसभर. चल, काढ गाडी. आता मध्ये कुठे थांबायचं नाही. मी म्हटलं तरी थांबवू नकोस.

(दोन दिवसांनी. त्याच रस्त्याने परत येताना.)

घड्याळवाला : भाच्याच्या बायकोने डबा दिलाय. थोडं खाऊन घे.

भोंगा : गिळवत नाही. तूच काहीतरी बोल. निघाल्यापासून तोंड शिवून बसलायस.

घड्याळवाला : सांगितलं का नाहीस तिला?

भोंगा : सांगणारच होतो. पण गेल्या गेल्या तिने हात धरून शेजारी बसवलं नि म्हणाली, रस्ता कसा होता ते सांग. लग्न होऊन याच रस्त्याने गेली ना ती. मग सांगितलं सगळं. होड्या, दीपस्तंभ, तो खचलेला पूल. ऐकताना मधूनच हसायची. हसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? म्हटलं, लांबच्या बोटीवर काम मिळालंय, तिथून फोन लागत नाही, वर्षभर तरी नाही.

घड्याळवाला : हं.

भोंगा : तू होतासच की तिथे. ती नुसतं "बरं" म्हणाली. एरवी नवा सदरा घेतला म्हटलं तरी कापड कसलं, शिवला कुणी, सगळी चौकशी करते. आणि बोटीवर वर्षभर जातो म्हटलं, तर कुठली बोट, खाण्यापिण्याचं काय, काही नाही. नुसतं "बरं". का रे, गाडी हळू का केलीस?

घड्याळवाला : काल दुपारी तू झोपला होतास ना, तेव्हा तिने मला हाक मारली. माझा हात चाचपून धरला नि विचारलं, "त्याला घशाचं झालंय ना?" आणि लगेच म्हणाली, "तू गप्प राहिलास, म्हणजे झालंय."

भोंगा : तिला कसं कळलं?

घड्याळवाला : तिच्या सासऱ्यांना हेच झालं होतं म्हणे. त्यांचं सगळं तिनेच केलं. त्यांचाही आवाज आधी असाच घोगरा झाला होता. तुझा फोनवर ऐकला तेव्हाच ओळखलं तिने.

भोंगा : म्हणजे मी बोटीचं सांगत होतो तेव्हा...

घड्याळवाला : तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मला म्हणाली, मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. लहानपणी मी रडले की तो जेवायचा नाही. मी हो म्हणालो.

भोंगा : मग का सांगितलंस?

घड्याळवाला : मला नाही पेलवत हे. तुम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलताय आणि मध्ये मी बसलोय. गाडी वळवतो. दिवस आहे तोवर पोचू.

भोंगा : नको.

घड्याळवाला : नुसता तिच्याजवळ बस. काही बोलू नकोस.

भोंगा : नको म्हटलं ना. जाऊन काय करू? ती रडणार, मी रडणार. मग म्हणणार, मी येते इस्पितळात. तिला घराचा जिना उतरवत नाही. आणि रडून सोमवार थोडाच टळणार आहे? तिने माझ्यासाठी एवढं दाबून धरलंय, ते मी का उसवू?

घड्याळवाला : आणि संध्याकाळी?

भोंगा : संध्याकाळी बसेल खुर्ची ओढून. काही दिवस. मग भाचा खुर्ची उचलून आत ठेवेल.

घड्याळवाला : असं बोलू नकोस.

भोंगा : कसं बोलू मग? पाणी... पाणी दे जरा.

घड्याळवाला : घे. सावकाश. रुमाल दाखव बघू, रक्त आलं का?

भोंगा : काही नाही. तू पुढे बघ, चालव.

घड्याळवाला : पुरे आता. नुसती मान हलवलीस तरी कळेल मला.

भोंगा : गप्प बसलो की तिचं ते "बरं" ऐकू येतं.

घड्याळवाला : मग मी बोलतो. तू नुसतं ऐक. ... मला काही सुचत नाहीये रे.