शवासनातली हाक

सुमेधा : सरबत राहू दे हो, शमिकाताई. तुम्ही योगवर्गाला येणं का सोडलंत, तेवढं सांगा.

शमिका : घ्या वो मॅडम, घरचं कोकम हाय. वर्गाचं काय नाय. जमत नाय, बस.

सुमेधा : त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले म्हणून ना?

शमिका : छे वो. तुम्ही शिकवणाऱ्या. तुम्ही नाय बोलायचं तर कोणी?

आतून सासूबाई : शमिका, इनोद आला काय गो?

शमिका : येतोय आई. गाडी संगमेश्वरला पोचली.

सुमेधा : मिस्टर येतायत होय आज? मग मी निघते.

शमिका : बसा. ते मुंबईत, गणपतीला येणार. आईंच्या काय ध्यानात राहत नाय आता. नाय म्हटलं की रडतात. संगमेश्वर म्हटलं की जरा गप्प बसतात.

सुमेधा : हे मला कधी बोलला नाहीत.

शमिका : तुम्ही विचारलं नाय.

सुमेधा : खरंय. तुम्ही एवढंच म्हणालात, मॅडम, शवासनात जरा कमी बोला. आणि मी काय म्हटलं, तर नाचता येईना अंगण वाकडं.

शमिका : सगळ्या हसल्या. मी पण हसले.

सुमेधा : तुम्ही हसलात, तेच टोचतंय मला. पण शमिकाताई, माझंही ऐका. आम्हाला शिकवलंयच तसं. शवासनात सूचना द्याव्या लागतात, नाहीतर बायका घोरायला लागतात, मग बाकीच्यांना...

शमिका : हां. बरोबर हाय तुमचं.

सुमेधा : बघा, परत सुरू झाले. माफी मागायला आले आणि स्वतःचीच वकिली करतेय. चुकले मी. तुम्ही बोला, मी मध्ये तोंड घालत नाही.

शमिका : रागवाल.

सुमेधा : रागावले तर घरी जाऊन रागवेन.

शमिका : तुम्ही म्हणता ना, घर विसरा, आता तुम्हाला कोणी हाक मारणार नाही. तोवर मी विसरलेली असते वो. तुम्ही म्हणता नि मला आईंची हाक ऐकू येते. मग मेली पाठ टेकत नाय जमिनीला. सकाळी शेजारची चिमाकाकू बसायची आईंजवळ, तेवढाच वेळ माझा. आसनं काय, घरकामात होतातच. शेवटी गप्प पडायला मिळतं, त्यासाठी येत होते मी.

आतून सासूबाई : इनोद आला काय गो?

शमिका : संगमेश्वरला हाय, आई. येतोय.

सुमेधा : आणि तेवढी शांतताही मीच बडबडून नासवली. लाज वाटते हो माझी मला.

शमिका : लाज कसली? आवाज गोड हाय तुमचा. नको तेव्हा येतो, इतकंच.

सुमेधा : उद्यापासून शवासनात मी गप्प. आणि सगळ्यांसमोर सांगेन, अंगण माझंच वाकडं होतं. याल ना?

शमिका : आता कशी येऊ? चिमाकाकू गेली नाटे गावाला, लेकीकडे. ती होती तोवर मी रुसून बसले.

सुमेधा : म्हणजे तेवढे दिवसही माझ्यामुळेच गेले.

शमिका : जाऊ दे वो.

सुमेधा : चटई कुठाय?

शमिका : त्या कोपऱ्यात. का?

सुमेधा : घाला इथे पडवीत नि पडा. आईंजवळ मी बसते, दार लोटून.

शमिका : त्या सारख्या विचारतील.

सुमेधा : विचारू देत. काय सांगायचं ते आता कळलंय मला. डोळे मिटा. खांदे सैल सोडा, श्वास...

शमिका : मॅडम.

सुमेधा : हो. चुकले.

(शमिका पडवीत आडवी होते. आतलं दार लोटलेलं.)

सासूबाई : तू कोण गो? इनोद आला काय?

सुमेधा : हळू बोला, आई. संगमेश्वरला पोचलाय तो.