अंगठ्याचं बटण

आत्या : लिही. चौथा माउस. सॉफ्टवेअरमध्ये दिव्यांचे रंग ढीगभर, डावं बटण सदोष. एकदा दाबलं की दोनदा लागतं.

भाची : याचंही तेच? चार वेगळ्या कंपन्या आणि चौघांना एकच रोग?

आत्या : स्वस्तातला माल आहे, गेम खेळायला पोरं घेतात. तू लिही गं. संध्याकाळी परीक्षण द्यायचंय. आजारपणानंतर संपादकांनी दिलेलं पहिलंच काम आहे.

भाची : जरा मला दाबू दे. हे बघ, स्क्रीनवर एकदाच मोजलं. परत एकदाच. आधीचे तिन्ही दे इकडे... आत्या, हेही ठीक आहेत. बोटं अजून बधिर आहेत ना तुझी?

आत्या : केमो संपली की जाईल म्हणाले होते डॉक्टर. बटण दाबलं गेलं का ते कळत नाही, म्हणून मी परत दाबत असणार.

भाची : अगं, मग बोलायचंस ना!

आत्या : काय बोलू? बोटांचं सोड, मलाच काही वाटत नाही. रिपोर्ट चांगले आले तेव्हा तुझे बाबा ढसाढसा रडले. मी दूध उतू जाईल म्हणून उठले. जाऊ दे, ते 'सदोष' खोड. चारही ठिकाणचं. आणि संपादकांना कळव, दुसरं कुणीतरी बघा म्हणावं.

भाची : थांब गं. डाव्या बटणाचं काम अंगठ्याजवळच्या बटणाला देता येतं का?

आत्या : या चौथ्यात येतं. बाकीचे डाव्या बटणाचं काम बदलूसुद्धा देत नाहीत. कुणाला लागतंय म्हणून मी त्याचे गुणच धरले नाहीत.

भाची : तुला लागतंय. अंगठ्याला कळतं का?

आत्या : काय माहीत. त्याला मी विचारलंच नाही.

भाची : मग दे त्याला काम.

आत्या : हे बटण निवडलं. इथे डावं क्लिक. सेव्ह. झालं.

भाची : आता दाब. मी आकडा बघते.

(आत्या दाबते. मग जरा थांबून पुन्हा दाबते.)

भाची : आत्या, दोन झाले. पहिल्यांदा लागलं नव्हतं का?

आत्या : लागलं होतं. कळलं मला. दुसरं उगाच दाबलं.