सात महिन्यांचं अंतर

माझं नाव केरबा, बापाचं नाव सटवाजी, गाव भोकरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला. शाळा चौथी, ती पण पुरी नाही, चौथीचं पुस्तक हातात आलं अन् त्याच साली बा गेला, मग कसली शाळा. जन्मतारीख विचाराल तर काय सांगू तुम्हाला, माय म्हणायची, ज्वारी खळ्यावर आली होती तवा तू झालास. कागदावर जूनची एक तारीख आहे. माझ्या थोरल्या भावाची, मारोतीची, ती पण जून एक. आमच्या वाड्यातली सगळी पोरं जूनच्या एक तारखेलाच जन्मली, कारण मास्तर शाळा उघडायच्या दिवशी नाव घालायचे अन् तारीख पण तीच घालायचे. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पुढं ही जून एक मला मुंबईला अमेरिकेच्या साहेबापुढं उभं करील हे तवा कुणाला ठाऊक.

मिशी फुटायच्या वयात मी सिकंदराबादला आलो, रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे वरकामाचा मजूर, म्हणून लागलो. पुढं रंगाच्या खात्यात घातलं. मालगाडीच्या डब्यावर नंबर असतो पाहा, पांढऱ्या रंगाचा, तो मी काढायचो. इंग्रजी वाचता येत नव्हतं पण अक्षर असं काढायचो की इंजिनियर साहेब दुसऱ्यांना आणून दाखवायचे. आमचे उस्ताद होते म्हातारे, ते म्हणायचे, केरबा, नंबर गलत डाला तो डब्बा गुम, कहाँ जाता कहाँ नहीं, कोई नहीं ढूंढ सकता. म्हणून मी आधी खडूनं लिहायचो, दोन बार कागदाशी मिळवून पाहायचो, मग ब्रश लावायचो. सगळी नोकरी झाली, एक डबा चुकला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. हौ, मोठेपणा म्हणूनच सांगतो, काहून सांगू नये?

आता मिलिंदचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. मारोतीची बायको, आमची वहिनी, बाळंतपणात गेली. लेकरू जगलं. मारोतीनं अन् मायनं मिळून ते सव्वा वर्ष सांभाळलं, मग मारोतीला कावीळ झाली, झाडपाला केला, तालुक्याला नेलं, पंधरा दिवसांत भाऊ गेला. मी मातीला गेलो अन् परत येताना लेकरू काखेत घेऊन आलो. माझ्या बायकोला, शेवंताला, तवा दिवस गेले होते. मी दारात उभा राहिलो अन् म्हणलं, हे आणलंय. ती म्हणली, मग दारात काहून उभे, आत आणा की. बस, एवढंच बोलणं झालं आमचं त्याच्यावर. कोर्टात गेलो नाही, कागद केला नाही. आपल्या भावाचं लेकरू आपल्या घरी आलं, त्याला कुणी कागद करतं का? पुढं जानेवारीत रेल्वेच्या दवाखान्यात सुजाता झाली. शेवंतानं दोघांना पाजलं, एक इकडं एक तिकडं, अन् पोरगं मोठं असून लई हावरं, लेकीचं पण पिऊन टाकायचं.

शाळेत घालायला नेलं तर हेडमास्तरांनी विचारलं, बच्चे का बाप कौन? पोरगं माझं बोट धरून उभं होतं. मी म्हणलं, मैं. त्यांनी माझं नाव लिहिलं. तारीख? म्हणलं, बराबर मालूम नहीं. ते म्हणाले, कायकू फिकर, जून एक डालतूं, उमर बी एक साल कम करतूं, नौकरी लंबी चलती. चांगल्या मनानंच केलं त्यांनी. मी घरी आलो, शेवंताला सांगितलं, पोराची नोकरी एक वर्ष जास्त चालणार, अन् आम्ही दोघं खूश.

अन् झालं काय, कागदावर मिलिंद जूनमध्ये झाला अन् सुजाता पुढच्या जानेवारीत. सात महिने. इतकी वर्षं हे गणित कुणी मांडलं नाही. मिलिंद वीज खात्यात लागला, त्याचं लग्न झालं, हैदराबादेत चिक्कडपल्लीला हे घर घेतलं, आम्ही त्याच्याकडंच राहतो. सुजाता नर्स होऊन अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली, तिला जुळ्या पोरी झाल्या अन् ती म्हणली, आई-बाबा, आता कायमचं इकडं या, मी तुमचा अर्ज भरते. मला जायचं नव्हतं. पण शेवंताचे गुडघे गेलेत, पाहुण्याच्या व्हिसावर दर सहा महिन्यांनी जा-ये करणं तिच्यानं होत नाही, अन् नातींना तिनं एकदाच हातात घेतलं होतं, तेव्हापासून फोनची काच पुसून पुसून त्यांना पाहायची. मी म्हणलं, भर बाई अर्ज.

मग कागद सुरू झाले. माझा जन्मदाखला नाही म्हणून गावच्या ग्रामपंचायतीत नोंद नाही असा दाखला आणा, नोंद नाही याचाच दाखला, त्याच्यासाठी मी तीन खेपा केल्या. लग्नाचा दाखला आणा. आमचं लग्न विहारासमोर झालं, भंतेजींनी लावलं, सगळा गाव जेवला, पण दाखला कुठला? म्हातारपणी रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन उभे राहिलो, तिथला कारकून तेलुगूत हसून म्हणाला, तातय्या, म्हणजे आजोबा, इतक्या उशिरा पक्कं केलं होय. शेवंता लाजून पार खांबाआड गेली.

इथं हैदराबादेतल्या हिमायतनगरला एक एजंट गाठला होता, काचेचं ऑफिस, गार हवा. त्यानं सगळे कागद पाहिले अन् त्याचं बोट त्या सात महिन्यांवर येऊन थांबलं. म्हणाला, चाचा, ये क्या है? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, लडके का नाम नक्को लिखो, एकच लेकरू लिहा, अन् एक अ‍ॅफिडेव्हिट करा की शाळेत बापाच्या जागी तुमचं नाव चुकून पडलं, हा नुसता पुतण्या आहे, तुमचा मुलगा नाही. मी म्हणलं, चुकून नाही पडलं. मी शुद्धीवर होतो. तो म्हणाला, चाचा, इत्ता नक्को सोचो, कागद है. मी उठून आलो. कागद आहे म्हणे. डब्यावरचा नंबर पण नुसता रंगच असतो.

आठ दिवस मी सही केली नाही. सुजाताचा फोन यायचा, बाबा, कागद द्यायची तारीख जवळ आली. शेवंता भांडी जोरात ठेवायची. नवव्या दिवशी मिलिंद कामावरून आला अन् त्यानं तो अ‍ॅफिडेव्हिट स्वतःच टाइप करून आणलेला, स्टँपचा कागद, खाली माझ्या सहीची जागा. म्हणला, बाबा, करा सही. मी म्हणलं, वाचलंस का याच्यात काय आहे? म्हणला, मीच टाइप केलंय. मी म्हणलं, मग तुला लाज नाही वाटली? तर तो चिडला. आजवर मला उलट बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला. म्हणला, तुमच्या हट्टापायी आईनं नाती बघायच्या नाहीत का? एका कागदानं मी काय परका होतो? तुम्हाला माझी नाही, तुमच्या नाकाची पडलीय.

खरं सांगू, लागलं मला ते. कारण थोडं खरं होतं.

मी म्हणलं, मला कोरा कागद दे. मीच लिहितो. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसलो, रेघा मारल्या, अन् आमच्या कारखान्याच्या अक्षरात, सुटं सुटं, मराठीत लिहिलं. सकाळी बसलो ते दिवेलागणीला उठलो. अन् लिहिता लिहिता एका जागी हात थांबला. मारोतीचं नाव आलं. माझ्या ध्यानात आलं की मिलिंदच्या एका पण कागदावर माझ्या भावाचं नाव नाही. शाळेत नाही, नोकरीत नाही, लग्नाच्या पत्रिकेत नाही. मी एवढा मोठेपणानं मैं म्हणलो, त्या दिवशी मी भावाला पुसलं होतं. वाईट मनानं नाही, पण पुसलं तर होतंच. मग मी त्याचं नाव बाकी अक्षरांहून जरा मोठं काढलं.

मिलिंद आला, त्याला दिलं. त्याचं शिक्षण तेलुगू अन् इंग्रजीत झालं, मराठी वाचताना तो लहान पोरासारखं एकेक अक्षर लावतो. तो लावू लागला. मिलिंद हा माझा मयत भाऊ मारोती याच्या पोटचा. सव्वा वर्षाचा होता तवापासून माझा मुलगा. शाळेत माझं नाव मी सांगून घातलं, मास्तरची चूक नाही. खरी जन्मतारीख कुणाला माहीत नाही, जून एक खोटी आहे, सुजाताची तारीख खरी आहे. एवढं वाचायला त्याला लई वेळ लागला. मारोतीपाशी तो अडला, अक्षर कळलं नाही म्हणून नाही. मग कागद नीट घडी न करता तसाच पाठीमागं धरून उभा राहिला अन् म्हणला, बाबा, शाई वाळली नाही अजून. वाळली होती.

एजंट म्हणाला असला कागद चालत नाही. मी म्हणलं, नको चालू दे. सुजातानं त्याचं इंग्रजी केलं, अर्जात लेकरं दोन लिहिली अन् तो कागद सोबत जोडला.

मग मुंबईला मुलाखत. मिलिंद रजा काढून आमच्या बरोबर आला, पण आत फक्त आम्ही दोघं, तो बाहेर फुटपाथवर आमच्या पिशव्या घेऊन थांबला. खिडकीत काचेमागं गोरा साहेब, मिलिंदहून लहान असेल, अन् बाजूला एक दुभाषी बाई, तिनं विचारलं, काका, कोणत्या भाषेत बोलणार? मराठी चालेल ना? काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं हैदराबादेत काढली, कचेरीत उर्दूत बोललो, तेलुगूत बोललो, पण कुणी मला मराठीत विचारलं नव्हतं, अन् विचारलं तर अमेरिकेच्या कचेरीत. मी म्हणलं, हौ. ती हसली.

उजवा हात वर करायला लावला, खरं बोलीन म्हणून. साहेबानं पहिलाच प्रश्न केला, लेकरं किती? मी म्हणलं, दोन. तो म्हणाला, सात महिन्यांच्या अंतरानं? मी म्हणलं, साहेब, ते माझ्या कागदात लिहिलंय. म्हणाला, कागद वाचला, तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी सगळं सांगितलं, जून एक, हेडमास्तर, सगळं. मग तो शेवंताकडं वळला, तुम्ही किती मुलांना जन्म दिला? मला भीती, ही घाबरून काही तरी बोलते की काय. तर ती काचेला तोंड लावून म्हणली, पोटचं एक, अंगावर पिलेली दोन. बाईनं ते इंग्रजीत सांगितलं, अन् साहेब लिहायचं सोडून शेवंताकडं पाहत राहिला.

पण कायदा तो कायदा. साहेब म्हणाला, दत्तक घेतल्याचा कोर्टाचा कागद आहे? मी म्हणलं, नाही. तो म्हणाला, मग आमच्या कायद्यानं तो तुमचा मुलगा होत नाही, मला अर्जातून त्याचं नाव काढावं लागेल, तुम्हाला मान्य आहे का सांगा.

शेवंतानं माझी बाही धरली होती. मान्य नाही म्हणावं तर तिच्या नाती गेल्या. मान्य म्हणावं तर बाहेर फुटपाथवर माझ्या गोळ्यांचा डबा घेऊन उभा आहे त्याला मी काय सांगू? अन् मनात आलं, केरबा, तू मारोतीचं नाव पुसलंस तवा त्याला कुणी विचारलं होतं? हा साहेब निदान विचारतोय.

मी म्हणलं, बाई, साहेबाला सांगा, तुमच्या कायद्यानं तो मुलगा नाही, असं लिहा. नुसतं नाही असं लिहू नका. अन् माझ्या हातचा कागद त्या फायलीतून काढू नका. बाईनं सांगितलं. साहेबानं ऐकलं, काही टाइप केलं, बराच वेळ केलं. मग बाई म्हणाली, काका, तसंच लिहिलंय, अन् कागद फायलीतच राहतो. मग मी म्हणलं, मान्य.

साहेब व्हिसा मंजूर म्हणाला. शेवंता रडायला लागली, मला काही कळेना, नुसते पाय दुखत होते. बाहेर आलो तर मिलिंद धावत आला, बाबा, काय झालं? मी म्हणलं, झालं. अन् तुझं नाव काढलं अर्जातून. तो म्हणला, मी तेच सांगत होतो ना पहिल्यापासून. मी म्हणलं, तू सांगितलं तसं नाही काढलं, मी सांगितलं तसं काढलं. तो हसला, म्हणला, जिंकले तुम्ही, आता पाणी प्या अन् गोळी घ्या.

पुढच्या महिन्यात जाणं आहे. शेवंताच्या पेट्या भरून झाल्या, ज्वारीचं पीठ किती न्यावं यावर मायलेकींचं फोनवर भांडण चाललंय. मला तिकडं करमणार नाही हे मला ठाऊक आहे, पण ती खूश आहे, म्हणून मी पण आहे म्हणा.

सकाळपासून या घराची पाटी रंगवत होतो. मिलिंद म्हणला, मिलिंद केरबा वाठोरे लिहा, माझ्या कागदावर आहे तसं. मी खडूनं लिहिलं मिलिंद मारोती केरबा वाठोरे. म्हणला, बाबा, एवढी लांब पाटी? मी म्हणलं, मालडब्यावर याच्याहून लांब काढलंय. मिलिंदची पोरगी, माझी नात, म्हणली, आजोबा, मराठीत कुणाला वाचता येणार, पोस्टमनला नाही, मला पण नाही. मी म्हणलं, पोस्टमनला घर माहीत आहे, अन् तू शिक, तुझा बाप पण एकेक अक्षर लावत शिकलाय. दोन बार मिळवून पाहिलं, मग ब्रश लावला. हात जरा हलतो आता, पण अक्षर सरळ आलंय, जाताना पाहा.

चला, सुखी राहा, लेकराबाळांना बरं असू द्या. अन् जाताना दाराला जपून, रंग ओला आहे.