पिंपळाला टाकलेली युरियाची मूठ

ऐका मंडळी, जरा जवळ सरका. ही गोष्ट केरबा शिंगट्याची. उसाचा भारी हौशी गडी. बांधाशेजारच्या आनंदाचा ऊस काळाभोर दिसला की याच्या पोटात दुखायचं. दुकानदार सांगून थकला, "केरबादादा, नुसता युरिया नको. लावणीला सुपर फॉस्फेट घाला, मुळं धरतील."

केरबा म्हणायचा, "मुळं कोण बघतंय शेठ? रस्त्यावरनं पाला दिसतोय!"

तर एकदा अंधार पडल्यावर हा युरियाची बैलगाडी घेऊन निघाला. ओढ्याच्या आडवाटेनं. तिथं एक पिंपळ आहे. रीत अशी, की गाडीत जो माल असेल त्याची मूठ पिंपळाखाली टाकायची, मग वाट मोकळी. धान्य असो, गूळ असो. केरबानं पोतं उतरवलं, फोडलं, नि टाकली मूठ. युरियाची!

काय सांगू! जमिनीतनं सरसर ऊस वर आला. हातभर! हिरवागार! नि झाडावरनं आवाज, "ब्येस लागतंय रं. आणखी टाक."

पळावं की नाही माणसानं? नाही पळाला! असला रंग आनंदाच्या बापानं बघितला नव्हता. टाकली दुसरी मूठ. ऊस छातीला. तिसरी. ऊस डोक्यावर! "आणखी टाक, केरबा." आता आवाज कानाशी. पुढं ऊस, मागं ऊस, वाट गडप, आभाळ गडप. पाती गळ्याला वेटाळली. श्वास कोंडला. "टाक रं!"

जिवाच्या आकांतानं केरबानं एक ऊस धरून ओढला. अलगद हातात आला. खाली मूळच नाही! दुसरा ओढला, तोही तसाच. मग काय, उपटत, तुडवत, बोंबलत बाहेर पडला. मागं सगळा ऊस धाडकन लोळला, नि कुणीतरी खदखदा हसलं.

केरबा वाचला. पण कबऱ्या बैल जू मोडून सुटला होता, नि फुटक्या पोत्यातला युरिया मिठासारखा चाटत होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. उजाडायच्या आत गेला बिचारा.

गाव म्हणतं, बैल भुतानं खाल्ला. केरबाही तेच सांगतो, त्याला सोयीचं आहे. यंदा युरियाच्या रांगेत पहिला तोच उभा होता.

तेव्हा पोरांनो, त्या पिंपळाच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. तिथं जो बसलाय, त्याला युरियाची चटक लागलीय. आता तो दुसरं काही खात नाही.