मस्कतच्या सफरीतला दुसरा माणूस

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीची रांग होती. माझ्या पुढे जासईच्या गोदूबाई आणि त्यांची नवी सून दिपा बोलत होत्या.

"आई, रविवारी जहागीरदारांचा सत्कार हाय ना? सिरियलीत न्यायाधीश होतात, तेच ना ते?"

"कधी न्यायाधीश, कधी नवरीचा बाप. तोंड तेच, मिशी तेवढी बदलते."

"पण धाडसी माणूस. तरुणपणी एकटेच गलबत घेऊन मस्कतला गेले होते म्हणं."

"एकटे? सुकाणूवर माझा बा होता. खांदेरीचा दिवा मागं पडला, तसा हा जहागीरदार ओकायला लागला. मस्कत आलं तवाच उठून बसला."

"मग तुमच्या बाबांचं नाव कुठंच कसं नाय?"

"जहागिरी गेली, गलबत विकलं. मग ह्यानं तीच गोष्ट सांगून सिनेमात कामं मिळवली. त्या गोष्टीत दोन माणसं मावत नव्हती."

"बाबा कधी काय बोलले नाय?"

"एकदाच. ह्यानं सिनेमात नाखवा केला, त्याला बक्षीस मिळालं. बा टीव्हीसमोर बसून बघत होता. म्हणाला, माझा खोकला बरोबर उचललाय, पण सुकाणू अजून उलटंच धरतो."

"आणि आता तुमाला कशाला बोलावलंय?"

"जुन्या नोकराची मुलगी म्हणून. साहेब एकटे कसे गेले, ते स्टेजवर सांगायचंय."

"मग नका जाऊ."

"जाणार तर. नवं लुगडं काढून ठेवलंय. माईक माझ्या हातात देणार हायत."