नकाशात नसलेला मजला

हॅलो?… हां, बोल गं. तुझ्याच फोनची वाट बघत होते… नाही, कर्ज नाही मिळालं… अगं ऐक ना! बँकेचा माणूस सकाळी येऊन गेला… हो, आपण घेतोय ती इमारत बघूनच गेला. खाली सुतारखाना, वर दोन खोल्या. पण मंजूर नकाशात वरचा मजलाच नाही ना! कागदावर नुसतं तळमजल्याचं गोदाम… दलालाला ठाऊक होतं की. म्हणाला, वर गोदामाचा माळा आहे असं दाखवू, एकदा पैसे हातात पडले की कोण बघतंय!

…दाखवलंही असतं. पण वर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, लेकीला घेऊन… हो, भाडेकरू. दलालाने त्यांना सकाळीच खोल्या रिकाम्या करायला लावल्या. मी वर जायला निघाले, तर जिन्यातच बसलेल्या. मांडीवर शिलाई मशीन, पायाशी भांड्यांची टोपली. मला बघून धडपडत उठल्या. म्हणाल्या, "थोड्या वेळाचंच आहे ना हो ताई? लेक शाळेतून यायच्या आत परत लावते सगळं."

…काय करणार होते मी? बँकेच्या माणसाला सांगून टाकलं, इथे माणसं राहतात… हो, मीच. माझ्याच तोंडाने… म्हण, पायावर धोंडा म्हण, कुऱ्हाड म्हण. पण उद्या आग लागली, तर कागदावर नसलेल्या खोल्यांचा विमा कोण देणार? आणि त्या दोघींचं काय?

ओरडू नकोस गं… अजून संपलं नाहीये. मग मालक आले. सुतारकाका. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातला रंधा पुसून ठेवला. मग म्हणाले, "बँक राहू द्या. निम्मे आता द्या, उरलेले हप्त्याहप्त्याने मलाच द्या."… हो हो, रीतसर करार, वकिलाकडूनच… वरच्या मजल्याचंही मी दुपारी विचारून आले नगरपालिकेत. बाहेरून दुसरा जिना बांधला, तर वरचा मजला नियमित होतो. मग हीच बँक कर्ज देईल, त्यातून काकांचे फेडू.

…आपल्या आईचं घर? छे! ते गहाण ठेवायचं नाही. एक वेळ हे सोडू.

…भीती? वाटतेय की. तुझीही सगळी शिल्लक जाणार यात. म्हणून तर तुला विचारल्याशिवाय हो म्हटलेलं नाही.



…त्या बाईंची लेक? असेल दुसरी-तिसरीत… मी नाही पाहिली अजून.

…काय? पुन्हा बोल… जिना होईपर्यंत त्यांच्याकडून भाडं घ्यायचं नाही?… हो, जागा धोक्याची आहे खरी, पण… हे तू म्हणतेयस? भाजीवाल्याकडेही एक रुपया न सोडणारी तू?…

बरं… बरं बाई. ठेवते आता. काका दारात उभे आहेत उत्तरासाठी… हो, तसंच सांगते. "आम्ही दोघी घेतोय," असंच सांगते.