ती झोपेपर्यंत

नाही हो दादा, खरंच नाहीत सासरे घरात — वसुलीच्या माणसाशी खोटं बोलून कुठं जाणार आम्ही? सकाळीच बाहेर पडले. कुठं ते मला कशाला सांगतील, सून मी. हळू बोला फक्त, शेजारणीचे कान भिंतीलाच असतात. चपला? त्या जुन्या. नव्या घालून गेले — आता नव्या कुठून आल्या म्हणाल, दिल्या असतील कुणीतरी.

मशीन शोधताय ना? विकलं. तुमच्या आधी एकजण यायचा, त्याचं तोंड बंद करायला विकलं. एकाचं फेडायला दुसऱ्याचं काढलं, दुसऱ्याचं फेडायला तुमचं — असं चाललंय. जन्मभर शिवलं त्यांनी त्या मशीनवर. फरशीवर मशीनच्या पायांचे डाग राहिलेत बघा, अजून तिथंच बसतात भिंतीला टेकून. आणि माझी पोरगी मशीनच्या आवाजाशिवाय झोपत नाही, मग तेच तोंडानं खडखडखड करतात, तेव्हा कुठं तिचा डोळा लागतो.

काय म्हणालात, पत्त्यांत घालवले? तुमच्यापर्यंत पण पोचलं! अहो, त्यांना राजा-राणी ओळखता येत नाही. शिंपी माणूस, पान हातात दिलं तर विचारतील, अस्तर लावायचं का? ती आवई त्यांनीच उठवलीय. माझा नवरा — त्यांचा पोटचा मुलगा — फोनवरसुद्धा बोलत नाही त्यांच्याशी, तरी तेच धरून बसलेत. का? जाऊ द्या... पोरगी सातव्याच महिन्यात झाली हो, मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवावी लागेल म्हणाले डॉक्टर. नवरा बाहेरगावी, म्हणाला, जगायची खात्री नाही, कर्ज काढू नका. सासऱ्यांनी काढलं. ह्या वयात. त्याला सांगितलं, दवाखान्यानं बिल माफ केलं. आणि मला शपथ घातली — उद्या कुणी पोरीला ‘तुझ्यापायी घर बुडालं’ म्हणायला नको, त्यापेक्षा आजोबा जुगारी बरा. आणि मी बसलेय तुम्हाला सांगत! विसरा दादा. कुठं बोलू नका.

बघा, उठली. रडू दे. रडून रडून झोपेल, घरात आहेच कोण उचलायला? तर काय म्हणत होते मी — पुढच्या आठवड्यात या, तोवर काहीतरी —

थांबली वाटतं. आपोआप थांबते कधीकधी. नाही, ती खडखड बाहेरची, रस्त्यावरची गाडी असेल एखादी... दादा, आत नका जाऊ.

निदान ती झोपेपर्यंत थांबा.